मोजणी

टॅबवाल्या पोरा, बस.
चपलेच्या आवाजावरून लांबून चालत आलेला दिसतोस.
पाणी पी. माठ दारामागे आहे,
माझ्यापेक्षा तुलाच सापडायला वेळ लागेल.

लिही : इंद्रकला गजभिये, वय बावन्न.
धंदा : कूलरच्या ताट्यांत खस भरणे,
होळीपासून मिरगापर्यंत.
नागपुरातल्या कितीतरी घरांची झोप
माझ्या बोटांतून जाते,
आणि माझ्या टिनाखाली रात्री बारालाही
तापल्या लोखंडाचा वास.

'कर्ता पुरुष' विचारतोस. नाही.
'अडचण' विचारतोस.
कोणाची?

त्या रात्री नाग नदी घरात शिरली
तेव्हा भोंग्याची गाडी फिरली होती म्हणे,
घरं खाली करा, शाळेत चला.
धम्मदीपला भोंगा ऐकू येत नाही, जन्मापासून.
पण तो खाली झोपतो, तळहात फरशीला टेकवून.
गाडीच्या आधी त्याच्या हाताला पाणी लागलं.
सोळा दारं ठोकली त्यानं.
तुझ्या यादीत तो 'वाचवलेले' मध्ये आहे.
नीट बघ, बाप्पा. रकाना चुकला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.
गल्लीच्या तोंडाशी वीज गेली आणि तो थबकला.
डोळ्यांवर चालणारा माणूस,
अंधारात त्याचं काय चालणार?
मग मी पुढं झाले.
डावीकडं उतार, तिथं पाण्याला ओढ.
उजव्या हाताला पिंपळाचा ओटा धरून
एकेचाळीस पावलं.
मागं अख्खी गल्ली एकमेकांचे पदर, सदरे धरून.

शाळेला सात पायऱ्या.
शेवंताची तीनचाकी खालीच राहिली,
शेवंताला दोन पोट्ट्यांनी नेलं वर,
तांदळाचं पोतं नेतात तसं.
संडास मैदानाच्या पल्याड,
म्हणून तिनं रात्रभर पाण्याला तोंड लावलं नाही.
त्या रात्रीबद्दल ती बोलत नाही अजून.

उत्पलाचं तर तुला दिसणारही नाही.
सिकलचं कार्ड आहे तिचं.
ऊन चढलं की हाडांत कोणी काच कुटावी तशी कण्हते.
तुमच्या कागदात लिहिलंय,
बारा ते चार घराबाहेर पडू नका.
घर पाहिलं होतं का लिहिणाऱ्यानं?

आता वस्ती हलवून राहिले तुम्ही.
रिंग रोडच्या पल्याड, पक्कं घर, चौथा माळा.
मघाशी नकाशा दाखवलास. बोट फिरवलं मी.
गुळगुळीत काच. काहीच लागलं नाही.

माझा नकाशा असा नाही.
पीठगिरणीजवळ जमीन थरथरते, तिथून वळायचं.
तर्री उकळल्याचा वास आला की चौक.
मेश्रामांची शेळी बांधलेली, तिला वळसा.
बत्तीस वर्षं लागली काढायला,
आणि तो ट्रकमध्ये चढत नाही.

नाही म्हणून नाही राहिले मी.
नदीशी भांडून झालं. जायचं तर जाऊ.
पण भिंती ओल्या आहेत तोवर
एकदा ने आम्हाला तिथं.
मला मोजू दे.
शेवंताला विचार उतार कसा हवा,
धम्मदीपला विचार, भोंग्यासोबत दिवा कुठं लागावा,
उत्पलाला, पाणी किती माळे चढायचं ते.
मग ओता सिमेंट.
नंतर विचारलं तर आम्ही
परत 'अडचण'च होऊ.

टकटक थांबली काऊन?
रकाना नाही म्हणतोस.
खाली 'शेरा' असेल. एकच ओळ मावते?
बरं, मग मावेल तेवढं लिही,
बाकीचं डोक्यात ने.

आणि जाताना डावीकडनं जाऊ नको.
गटाराचं झाकण परवा कोणीतरी नेलं.
दिसेल म्हणतोस?
काल एक पडला त्यात.
चांगला डोळस होता.